सूर्यावर कॅमेरा रोखण्यापूर्वी

सूर्याकडे टक लावून पाहू नये, हे लहान मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. पाहू जाताच पापण्या मिटतात, डोळ्यांत पाणी येते आणि मान आपोआप वळते. निसर्गाने डोळ्याला दिलेला हा पहारेकरी वर्षभर चोख काम करतो. तो फसतो ग्रहणाच्या दिवशी. चंद्राने सूर्याचा बराचसा भाग झाकला की उजेड मंदावतो, डोळा पूर्वीसारखा दिपत नाही, आणि आता पाहावयास हरकत नाही असे मनाला वाटू लागते. कॅमेरा हाती असलेल्या माणसाचीही अशीच फसगत होते. मात्र त्याला ती अधिक महाग पडते. कारण त्याच्या डोळ्याच्या आणि सूर्याच्या मध्ये एक भिंग उभे असते.

पूर्वी कॅमेरा ही हौशी व पैसेवाल्या माणसाची वस्तू होती. आता तो प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये येऊन बसला आहे. ग्रहण लागले, सूर्यबिंबावर मोठा डाग दिसू लागला, किंवा सायंकाळी लाल गोळा समुद्राला टेकला की शेकडो हात कॅमेरा उचलतात. सूर्याचे छायाचित्र घेणे हा उत्तम छंद आहे आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. अट एकच. सूर्याचा प्रकाश भिंगात शिरण्यापूर्वीच अडवला पाहिजे, आणि तो पुरेशा प्रमाणात अडवला पाहिजे. ‘पूर्वीच’ आणि ‘पुरेशा प्रमाणात’ ह्या दोन शब्दांत सगळी सुरक्षितता सामावलेली आहे. होणारे अपघात बहुधा ह्यांपैकी एका शब्दाचा विसर पडल्यामुळे होतात.

आधुनिक सूर्यकांत

संस्कृत काव्यांत सूर्यकांत मण्याचे वर्णन येते. सूर्यकिरणांचा स्पर्श होताच त्यातून अग्नी बाहेर पडतो, अशी कल्पना. शाळकरी मुले उन्हात भिंग धरून वाळलेले पान पेटवतात, तेव्हा त्यांच्या हाती हाच मणी असतो. कॅमेऱ्याचे भिंगही ह्याच जातीचे. फरक एवढाच की मुलाच्या भिंगापेक्षा ते पुष्कळ मोठे, अधिक नितळ आणि अधिक काटेकोर असते. म्हणजेच जाळण्याच्या कामी अधिक तरबेज असते.

हा प्रश्न आकड्यांनी समजून घेणे बरे. निरभ्र दिवशी, भर दुपारी, सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॅट इतकी ऊर्जा पडते. दूरचे पक्षी टिपण्यासाठी अनेक हौशी छायाचित्रकार ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग वापरतात. अशा भिंगाचे तोंड साधारण ७१ मिलिमीटर रुंद असेल, तर त्यातून सुमारे ४ वॅट ऊर्जा आत जाते. आत गेल्यावर ती पसरत नाही. सूर्याच्या प्रतिमेत गोळा होते. सूर्याच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे १०९ व्या हिश्शाइतका असतो. म्हणून ४०० मिलिमीटरच्या भिंगाने पडणारे बिंब अवघे पावणेचार मिलिमीटर रुंद, ज्वारीच्या दाण्याएवढे होते. एवढ्या जागेत उघड्यावरील उन्हाच्या सुमारे ३७० पट प्रखर ऊन एकवटते. काचेत थोडा प्रकाश वाया जातो हे धरले, तरी हिशेब फारसा बदलत नाही.

कॅमेऱ्याच्या आत हे बिंब ज्या ठिकाणी पडते तेथे काय असते, ह्यावर पुढचे नुकसान अवलंबून असते. फिल्मच्या जमान्यात काही कॅमेऱ्यांचे शटर कापडी असे. असा कॅमेरा झाकण न लावता सूर्याकडे तोंड करून ठेवला, तर त्या कापडाला भोक पडे. आताच्या कॅमेऱ्यांत तेथे प्रकाशसंवेदी सेन्सर असतो, आणि त्याच्यावरही जळल्याचा कायमचा डाग उमटू शकतो. पण सर्वांत अनर्थकारक प्रकार आरशाच्या कॅमेऱ्याचा. त्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वळून व्ह्यूफाइंडरमधून थेट पाहणाऱ्याच्या डोळ्यात शिरतो. म्हणजे मुलाने पानावर धरलेले भिंग येथे माणसाने स्वतःच्या डोळ्यावर धरलेले असते.

वेदना नसलेली इजा

डोळ्याच्या मागच्या बाजूस दृष्टिपटल असते. जग आपणास दिसते ते ह्या पडद्यामुळे. त्याच्या मध्यभागी एक अगदी लहान जागा अशी आहे, की वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सर्व बारीक कामे तिच्यावरच सोपवलेली आहेत. माणूस एखाद्या वस्तूकडे रोखून पाहतो तेव्हा त्या वस्तूची प्रतिमा नेमकी ह्याच जागेवर पडते. सूर्याकडे रोखून पाहिले तर सूर्याची प्रतिमाही तेथेच पडते.

दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत, हे ह्या प्रकरणातील सर्वांत घातक सत्य होय. बोट तव्याला लागले तर क्षणात मागे येते. दृष्टिपटल भाजत असताना माणसाला काहीच कळत नाही. प्रखर प्रकाशाने, विशेषतः त्यातील निळ्या भागाने, त्या नाजूक पेशींत रासायनिक बिघाड होतो. भिंग मध्ये असेल तर उष्णतेने भाजण्याचीही भर पडते. परिणाम पुष्कळदा काही तासांनी दिसू लागतो. पाहावे तेथे मधोमध धूसर किंवा काळा ठिपका येतो, सरळ रेषा वाकडी दिसते, अक्षरे तुटतात. काही जणांची दृष्टी काही आठवड्यांत वा महिन्यांत बरीचशी सुधारते. काहींचा तो ठिपका जन्मभर राहतो. ही इजा खात्रीने भरून काढील असा उपचार वैद्यकाजवळ नाही. ग्रहणानंतर नजरेत असा फरक जाणवला तर घरगुती औषधे डोळ्यांत न घालता नेत्रवैद्याकडे जावे, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

म्हणून डोळा दिपला नाही, दुखला नाही, एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे कधीही मानू नये. अंधुक दिसणे आणि निर्धोक असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

किती प्रकाश गाळावा?

पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सूर्य सुमारे चार लाख पट तेजस्वी आहे. ग्रहणात सूर्याचा शंभरातील नव्याण्णव हिस्से भाग झाकला गेला आणि एक हिस्सा उरला, तरी तो उरलेला तुकडा चार हजार पूर्णचंद्रांच्या बरोबरीचा असतो. शिवाय त्या तुकड्याच्या प्रत्येक बिंदूचे तेज पूर्वीइतकेच असते. लहान झालेले असते ते केवळ बिंबाचे क्षेत्रफळ. दृष्टिपटलावर कोरीच्या आकाराची प्रतिमा पडली तर भाजणारी जागाही कोरीच्याच आकाराची असते.

ह्यामुळे सूर्यासाठी बनवलेल्या फिल्टरचे माप डोळे विस्फारावयास लावणारे आहे. उत्तम सौर फिल्टर एक लाख भागांतून एकच भाग प्रकाश पार जाऊ देतो. तंत्रज्ञांच्या भाषेत ह्याला ‘घनता ५’ म्हणतात. पाचाचा अर्थ एकावर पाच शून्ये. ‘घनता ३.८’ असा शिक्का असलेली फिल्मही मिळते. ती सुमारे ६३०० भागांतून एक भाग सोडते. ती केवळ छायाचित्रणासाठी आहे. तिच्यातून डोळ्याने पाहू नये. नुसत्या डोळ्यांनी सूर्य पाहण्याच्या चष्म्यांसाठी २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरवले गेले. त्याचा क्रमांक आयएसओ १२३१२-२ असा आहे. त्यानुसार सुमारे ३१ हजार भागांतून एका भागापेक्षा अधिक दृश्य प्रकाश पार जाता कामा नये, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील व अवरक्त किरणांनाही मर्यादा घातलेली आहे.

हे माप हाती असले की घरोघरी चालत आलेल्या युक्त्यांची परीक्षा सहज होते. परातीत पाणी घेऊन त्यात ग्रहण पाहण्याची पद्धत अनेक घरांत आहे. सूर्य माथ्यावर असता पाण्याचा पृष्ठभाग सुमारे दोन टक्के प्रकाश परत पाठवतो. म्हणजे सूर्याचे तेज पन्नास पट कमी होते. हवे असते ते एक लाख पट! सूर्य जसजसा खाली येतो तसतसे पाणी अधिकच प्रकाश परतवते. पाण्यात हळद किंवा शेण कालवल्याने तळ दिसेनासा होतो. पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश कमी होत नाही. कंदिलावर धरून काजळी चढवलेली काच एके ठिकाणी दाट तर दुसरीकडे विरळ असते, आणि बोट लागताच ती काजळी पुसली जाते. छातीच्या एक्सरेची फिल्म जागोजागी कमीअधिक काळी असते. उन्हाचे चष्मे, रंगीत काचा, एकावर एक आडवे धरलेले ध्रुवक ह्यांची गत ह्याहून बरी नाही. त्यांतील पुष्कळांतून अवरक्त, म्हणजे उष्णतेचे, किरण बिनदिक्कत पार जातात.

फोटोग्राफीच्या दुकानात मिळणारी करडी काचही अशीच फसवी आहे. धबधब्याचे पाणी दुधासारखे दिसावे म्हणून वापरतात ती सर्वांत गडद काच बहुधा एक हजारातून एक भाग प्रकाश सोडते. हातात घेतल्यास ती काळीकुट्ट दिसते. तरीही सौर फिल्टरच्या शंभर पट प्रकाश तिच्यातून आत जातो.

फिल्मच्या काळातील एक जुनी युक्ती येथे सांगण्यासारखी आहे. कृष्णधवल फिल्म पूर्णपणे उजेडात काढून, धुऊन, तिच्या दोन घड्या एकावर एक ठेवून त्यातून सूर्य पाहत. त्या फिल्मच्या काळेपणात धातुरूप चांदीचे कण असत आणि ती चांदी दृश्य प्रकाशाबरोबर उष्णतेचे किरणही अडवी. पुढे रंगीत फिल्म आली. तिचा काळेपणा रंगद्रव्यांचा असतो. धुताना तिच्यातील चांदी निघून जाते. दिसावयास दोन्ही फिल्म सारख्याच काळ्या. पण रंगीत फिल्ममधून अवरक्त किरण सरळ आत शिरतात. डोळ्याला ‘काळे’ दिसणारी वस्तू उष्णतेच्या किरणांना काचेसारखी पारदर्शक असू शकते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. म्हणून आज चांदीची फिल्म क्वचित कोठे सापडली, तरी ह्या युक्तीच्या वाटेस न जाणेच शहाणपणाचे.

फिल्टरची जागा

आता ‘पूर्वीच’ ह्या शब्दाकडे वळावयाचे. फिल्टर नेहमी भिंगाच्या पुढे, म्हणजे सूर्याच्या बाजूस असला पाहिजे. भिंगाच्या मागे, डोळ्याजवळ, कधीही नाही. जुन्या काळी लहान दुर्बिणींबरोबर डोळ्याच्या बाजूस बसवावयाची एक गडद काचेची टिकली येत असे. सर्व एकवटलेली उष्णता त्या टिकलीवर पडे आणि ती एकाएकी तडकण्याचा धोका असे. तडकलेल्या काचेमागे डोळा असतोच. म्हणून आज कोणी जाणकार अशी टिकली वापरू देत नाही.

ग्रहणचष्मा घालून कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून किंवा दुर्बिणीतून सूर्य पाहणे हीसुद्धा हीच चूक होय. तो चष्मा उघड्या डोळ्यांवर पडणाऱ्या साध्या उन्हासाठी केलेला आहे. भिंगाने शेकडो पट एकवटलेल्या उन्हापुढे त्याची पातळ फिल्म क्षणात जळून जाऊ शकते. वस्तू तीच, माणूस तोच. क्रम बदलला की संरक्षणाचे संकटात रूपांतर होते.

ह्या नियमातून अवकाशातील यंत्रेही सुटलेली नाहीत. भारताचे आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील नियोजित जागी पोचले. त्यावरील ‘सूट’ नावाची, सूर्याची अतिनील प्रकाशात छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. तिच्यात निरनिराळ्या तरंगलांबींचे अकरा फिल्टर आहेत. पण त्या सर्वांच्या आधी, दुर्बिणीच्या तोंडाशीच, नको असलेली उष्णता बाहेर ठेवणारा एक स्वतंत्र फिल्टर बसवलेला आहे. पुण्यातील शास्त्रज्ञांनी जे केले, तेच गच्चीवर तिपाई मांडणाऱ्या विद्यार्थ्याने लहान प्रमाणात करावयाचे असते.

सूर्य टिपण्याची परंपरा

सूर्याचे छायाचित्र हे काम छायाचित्रण-कलेइतकेच जुने आहे. पॅरिसमध्ये फिझो आणि फूको ह्या दोघा शास्त्रज्ञांनी २ एप्रिल १८४५ रोजी चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर सूर्यबिंब उमटवले. पत्र्यावर प्रकाश पडू दिला तो सेकंदाचा साठावा भाग एवढाच. आणि तरीही सूर्यावरचे डाग त्यात स्पष्ट आले. भारतात डेहराडून येथे १८७८ पासून सूर्याची नित्य छायाचित्रे घेतली जाऊ लागली. कोडाईकनाल येथील वेधशाळा १८९९ मध्ये स्थापन झाली, आणि तेथे १९०४ पासून जमत गेलेला सूर्याच्या छायाचित्रांचा संग्रह जगातील मोजक्या दीर्घ संग्रहांत गणला जातो.

मराठी मुलुखाचाही ह्या इतिहासात वाटा आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल ह्याने, युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलच्या नातवाने, पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात आपली यंत्रे मांडली होती. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया कोकणातून देशावर गेली. तेव्हा विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर ह्यांनी ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी धरून वेध घेतले. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल ह्यांनी आपापले तळ दिले होते. कॅम्बेल ह्यांच्या एका कॅमेऱ्याचे नाभीय अंतर ४० फूट होते. वर सांगितलेल्या १०९ च्या हिशेबाने त्यात सूर्याचे बिंब सुमारे ११ सेंटिमीटरचे पडते. सुमारे दोन मिनिटांच्या त्या काळोखात किरीटाची, म्हणजे सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाची, छायाचित्रे त्यांनी मिळवली.

त्या दोन मिनिटांत फिल्टर नव्हता, हे खरे. खग्रास स्थितीत सूर्यबिंब पूर्णपणे झाकले गेलेले असते आणि किरीटाचा उजेड सुमारे पूर्णचंद्राइतकाच असतो. फिल्टर ठेवला तर छायाचित्रात काहीच येणार नाही. नियमाला हा एकच अपवाद आहे. पण तो खग्रास पट्ट्यातच, पूर्ण झाकलेल्या अवस्थेतच आणि तेवढ्याच मिनिटांपुरता आहे. शेवटचा तेजोबिंदू विझल्यावर फिल्टर काढावा आणि पुन्हा पहिली चमक येण्यापूर्वी तो लावावा. खंडग्रास व कंकणाकृती ग्रहणांत तो क्षण कधी येतच नाही. तेथे फिल्टर आरंभापासून शेवटपर्यंत जागेवरच राहतो.

१६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण गोव्याच्या दक्षिणेस अंकोल्याजवळ भारताच्या किनाऱ्यावर आले आणि हुबळी, रायचूर ह्या भागांतून पूर्वेकडे गेले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची जपाल-रंगापूर वेधशाळा त्या पट्ट्यातच होती. त्या दिवशी अनेक शहरांतील रस्ते ओस पडले होते. लोक दारेखिडक्या लावून बसले होते. २२ जुलै २००९ च्या पहाटे खग्रास पट्टा सुरत, वडोदरा, इंदूर, भोपाळ असा गेला, तेव्हा लोक मोठ्या संख्येने घराबाहेर पडले. विरस केला तो पावसाळी ढगांनी. भयापोटी दारे लावून घेणे आणि धिटाईने उघड्या डोळ्यांनी पाहणे ह्या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे योग्य साधन घेऊन पाहणे.

प्रत्यक्ष कृती

फिल्टर खरेदी करताना तो सूर्यासाठीच बनवलेला आहे, त्याची घनता लिहिलेली आहे आणि तो विश्वासू विक्रेत्याकडचा आहे, एवढे पाहावे. काचेचा फिल्टर भिंगाच्या तोंडावर आट्यांनी बसतो. फिल्मचा पत्रा घेतल्यास जाड पुठ्ठ्याचे कडे करून त्यात तो बसवावा. पत्र्याला थोड्या सुरकुत्या असल्या तरी बिघडत नाही, ताणून मात्र बसवू नये. ॲल्युमिनियमचा मुलामा असलेल्या काही फिल्मांतून सूर्य निळसर दिसतो, काळ्या फिल्ममधून नारिंगी. रंगावरून गुणदोष ठरत नाहीत. प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी फिल्टर दिव्यासमोर धरून पाहावा. टाचणीच्या टोकाएवढे भोक, चरा किंवा मुलामा उडालेली जागा दिसली, तर तो फिल्टर टाकून द्यावा. डागडुजी करू नये.

फिल्टर लावावयाचा तो कॅमेरा जमिनीकडे वळवलेला असताना. कडे वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून ते चिकटपट्टीने भिंगाला पक्के करावे. नंतर कॅमेरा तिपाईवर चढवावा. सूर्य शोधताना कॅमेऱ्याच्या नळीशी डोळा लावून नेम धरण्याचा मोह होतो. तो टाळून जमिनीवरील सावलीकडे पाहावे. नळीची सावली लहान होत होत पूर्ण गोल झाली की कॅमेरा सूर्यावर रोखला गेला असे समजावे. दुर्बिणीला जोडलेली लहान शोधक दुर्बीण असेल तर तिच्यावर झाकण हवेच. तिचा विसर पुष्कळांना पडतो.

घनता ५ चा फिल्टर, आयएसओ १०० आणि भिंगाचे छिद्र एफ ८ असता सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास आरंभ करावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन छायाचित्रे अधिक घ्यावीत. आकाशात धूळ वा पातळ ढग असतील तर वेळ वाढवावी लागेल. ढग आले म्हणून फिल्टर काढू नये. ढगाला क्षणात खिंड पडते. फोकस हाताने, सूर्याच्या कडेवर धरून साधावा.

आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात आणि फोनमध्ये पाहणाऱ्याला दिसते ते पडद्यावरील चित्र असते, म्हणून त्यातून डोळ्याला थेट इजा होत नाही. पण सेन्सरचा धोका राहतो, आणि फोन डोक्यावर धरणाऱ्याची नजर त्याच्या कडेवरून सूर्याकडे जातेच. म्हणून फोनच्या भिंगावर सौर फिल्मचा तुकडा चिकटवावा आणि पाहणाऱ्याने ग्रहणचष्मा जवळ ठेवावा. लहान मुलांच्या हाती फोन देऊन ‘सूर्याचा फोटो काढ’ असे सांगताना एक मोठे माणूस शेजारी उभे हवे.

फिल्टर नसेल तर

फिल्टर मिळाला नाही म्हणून ग्रहण चुकवावे लागत नाही. कौलारू घरात दुपारी जमिनीवर कवडसे पडतात. कौलातील फट कोणत्याही आकाराची असली तरी पुरेशा उंचीवरून पडलेला कवडसा गोलच असतो. कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. ग्रहण लागले की जमिनीवरचा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा होतो. आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली अशा शेकडो कोरी एकाच वेळी हलताना दिसतात. सूर्याकडे पाठ करून त्यांचे छायाचित्र कोणत्याही कॅमेऱ्याने, कोणत्याही फिल्टरवाचून घेता येते.

बिंब मोठे हवे असल्यास लहान आरशावर कागद चिकटवून त्याला बोटाच्या नखाहून लहान भोक पाडावे, आणि उन्हातील कवडसा अंधाऱ्या खोलीतील भिंतीवर पाडावा. भिंत १० मीटर दूर असेल तर सुमारे ९ सेंटिमीटरचे बिंब पडते. सारा वर्ग एकाच वेळी ते पाहू शकतो. शिक्षकांना ह्याहून स्वस्त साधन सापडणार नाही. आरशात कोणी डोकावणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी.

ग्रहण नसतानाही

हातात योग्य फिल्टर आल्यावर ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढते व घटते. रोज ठराविक वेळी एक छायाचित्र घेतले तर डाग बिंबाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकत असल्याचे दिसते. हा प्रवास साधारण तेरा दिवसांचा असतो. सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे वाक्य मग पुस्तकातील न राहता विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीतील होते. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे. ५०० मिलिमीटरच्या भिंगाने घेतलेल्या साडेचार मिलिमीटरच्या बिंबावर पृथ्वी मांडावयाची झाली, तर तिचा ठिपका मिलिमीटरच्या सुमारे पंचविसाव्या भागाएवढाच भरेल. मोठ्या डागांच्या पोटात अशा कित्येक पृथ्व्या मावतात.

२ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण इजिप्तमध्ये खग्रास असून पश्चिम भारतातून ते सायंकाळच्या सुमारास खंडग्रास दिसावयाचे आहे. दिवस पावसाळ्याचे आणि सूर्य क्षितिजाकडे झुकलेला, असा तो योग. मावळतीचे बिंब तांबूस व सौम्य दिसते. त्यातील निळा प्रकाश हवेत विखुरलेला असतो, पण उष्णतेचे किरण पुष्कळसे तसेच येत असतात. अशा मवाळ सूर्याकडे लांब भिंग रोखून डोळा लावणे हीच ती फसगत, जिच्यापासून निसर्गाचा पहारेकरी वाचवू शकत नाही. तेथे पहारा माणसानेच बसवावयाचा असतो: भिंगाच्या पुढे, मापाने पारखलेला, आणि सूर्य दिसेल तोवर न हटणारा.